घरच्या तलावाचा पंप

घरगुती जलतरण तलावाचा पंप पाणी भरण्यासाठी नसतो; आत असलेले पाणी फिरवत ठेवणे, एवढेच त्याचे काम. तळाच्या जाळीतून आणि काठावरच्या स्किमरमधून तो पाणी ओढतो, वाळूच्या फिल्टरमधून ढकलतो आणि भिंतीतल्या तोंडांतून परत तलावात सोडतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी मावते. ते सहा ते आठ तासांत एकदा फिरून यावे, असा सर्वसाधारण हिशेब आहे. त्याला अर्ध्या-पाऊण अश्वशक्तीचा पंप पुरतो. मोठ्या पंपाने पाणी अधिक स्वच्छ होते, हा गैरसमज. जोराच्या प्रवाहात मळ वाळूतून पुढे निसटतो आणि वाढते ते फक्त विजेचे बिल.

माळव्याच्या रात्री गार, म्हणून इंदूरमध्ये पंप रात्री चालवावा असे कोणालाही वाटेल. मोटारीला ते मानवते, पाण्याला नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. त्या उन्हात क्लोरीन झपाट्याने उडते आणि शेवाळही उजेडातच वाढते. त्यामुळे निदान निम्मे तास तरी दिवसाचे हवेत. मोटारीवर सावली करावी, पण तिला खोक्यात कोंडू नये.

पंप बिघडला असे वाटते तेव्हा दोष बहुतेकदा ओढणाऱ्या बाजूला असतो. फाल्गुन-चैत्रात कडुलिंबाची पाने गळतात आणि पंपासमोरची जाळीची टोपली दोन दिवसांत गच्च होते. पाणी कमी पडले की पंप खडे भरल्यासारखा खडखडतो. टोपलीच्या पारदर्शक झाकणाखाली सतत बुडबुडे दिसत असतील, तर कुठूनतरी हवा शिरते आहे. आधी झाकणाची रबरी रिंग पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर पाइपाचे सांधे तपासावेत. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि जमिनीतले सांधे ढिले करते. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाखाली गेली तरीही हवाच ओढली जाते. कोरडा फिरलेला पंप काही मिनिटांत आपले सील जाळून घेतो. मग मोटार आणि पंपाच्या जोडापाशी ठिबक सुरू होते. ती तशीच राहू दिली तर पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचते आणि शे-पाचशेचे काम हजारांवर जाते.

फिल्टर नुकताच धुतलेला असतानाचा दाब टिपून ठेवावा. काटा त्याहून आठ-दहा पौंड वर गेला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुवायची. व्हॉल्व्ह फिरवण्यापूर्वी पंप बंद केलाच पाहिजे, नाहीतर आतले गॅस्केट फाटते. दिवस मोजून बॅकवॉश करण्यात अर्थ नाही, कारण दर खेपेला दोन-तीनशे लिटर पाणी वाहून जाते. इंदूरचे नळाचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पाचशे मीटरांहून अधिक उचलून आणलेले नर्मदेचे पाणी आहे. १९७८ साली ते शहरात आले. बॅकवॉशचे पाणी गटारात सोडण्यापेक्षा क्लोरीन उतरू देऊन झाडांना घालावे.

पंपाच्या जोडणीला चांगले अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी हवाच. तळाच्या जाळीकडे मात्र सर्वांत कमी लक्ष जाते. ती तुटली तर तिथली ओढ मुलाचे केस किंवा हात धरून ठेवू शकते. अमेरिकेने २००७ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. जाळी फुटलेली किंवा सैल दिसली, तर ती बदलेपर्यंत पंप सुरू करू नये आणि कोणाला पाण्यात उतरू देऊ नये.