यंत्र शाबूत, दुभाषा बेपत्ता

गणेशोत्सव जवळ येऊ लागला की लालबाग-परळच्या छोट्या छापखान्यांत मंडळांच्या पावतीपुस्तकांची आणि अहवालांची कामे सुरू होतात. संगणकावर मजकूर जुळवायचा, लेझर प्रिंटरमधून ट्रेसिंग पेपरवर त्याची प्रत काढायची आणि त्या प्रतीवरून ऑफसेटची प्लेट करायची, ही पद्धत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गिरगाव, दादर, परळ भागात रुळली. अशा दुकानात पंधरा-वीस वर्षे वयाचा लेझर प्रिंटर आढळणे नवलाचे नाही. ड्रम बदलला, रोलर बदलला, टोनर पुन्हा भरला, की तो चालू लागतो. पण त्याला जोडलेला संगणक एक दिवस बंद पडतो, नवा घ्यावा लागतो आणि जुना प्रिंटर जोडताच पडद्यावर 'अननोन डिव्हाइस' ही दोन अक्षरशः अनोळखी अक्षरे उमटतात. यंत्र तेच, केबल तीच, वीजही मिळते आहे. संगणक मात्र ओळख दाखवायला तयार नाही.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित आधार थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष देऊ केल्या गेल्या, एवढाच दिलासा. 'विंडोज ११'ला 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले असंख्य संगणक नव्या प्रणालीच्या दारातच अडले आणि ज्यांनी नवे संगणक घेतले, त्यांच्यापैकी अनेकांचे जुने प्रिंटर, स्कॅनर अडले. यामागचे कारण समजून घ्यायचे, तर ऑपरेटिंग सिस्टीम आणि उपकरण यांच्यातील नाते मुळापासून पाहावे लागेल.

संगणकाच्या इतिहासात हे नाते फार उशिरा जन्माला आले. मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची होती. माहिती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आत जाई. आजच्या अर्थाने त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच. फीत कशी वाचायची, उत्तर कोठे आणि कसे छापायचे, याच्या सूचना गणित मांडणाऱ्यालाच यंत्राच्या भाषेत द्याव्या लागत. एकच यंत्र, मोजकीच उपकरणे आणि ती ओळखून असलेली मोजकी माणसे, असा तो कारभार असल्याने तो चालून गेला.

पुढे यंत्रे वाढली, उपकरणांचे प्रकार वाढले, आणि प्रत्येक प्रोग्रॅमने प्रत्येक उपकरणाची भाषा शिकणे अशक्य झाले. तेव्हा मध्ये एक व्यवस्थापक आला. प्रोग्रॅमने फक्त 'हे पान छाप' म्हणायचे. ते कोणत्या प्रिंटरवर, कोणत्या आज्ञांनी छापायचे हे ऑपरेटिंग सिस्टीम पाहणार. पण तिलाही जगातील सगळी उपकरणे कशी ठाऊक असणार? म्हणून प्रत्येक उपकरणासाठी एक दुभाषा नेमला गेला. त्याचे नाव 'ड्रायव्हर'. त्याच्या एका बाजूस ऑपरेटिंग सिस्टीमची भाषा, दुसऱ्या बाजूस त्या विशिष्ट यंत्राची. गिरगावातील तो प्रिंटर मेलेला नाही. त्याचा दुभाषा नव्या राजवटीत हजर झालेला नाही.

जंपरचे दिवस

ज्यांनी नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून संगणक 'असेंबल' केला, त्यांना या व्यवस्थेची पडद्याआडची बाजू चांगली ठाऊक आहे. मदरबोर्ड एका दुकानातून, साउंड कार्ड दुसऱ्यातून, मोडेम तिसऱ्यातून. प्रत्येक कार्डाला संगणकात तीन गोष्टी लागत: आवाज देण्यासाठी एक इंटरप्ट क्रमांक, बोलण्यासाठी एक पत्ता आणि काहींना स्मृतीशी थेट देवाणघेवाणीची एक वाहिनी. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला 'इकडे लक्ष द्या' म्हणून वाजवलेली घंटा. अशा घंटा एकूण सोळा, त्यांतल्या बऱ्याचशा घड्याळ, की-बोर्ड, डिस्क यांनी आधीच अडवलेल्या. उरलेल्यांतली कोणती घ्यायची हे कार्डावरील 'जंपर' नावाची नखाएवढी टोपी एका खिळ्यावरून दुसऱ्यावर बसवून ठरवावे लागे. साउंड कार्डासाठी पत्ता २२०, इंटरप्ट ५, वाहिनी १ हे त्रिकूट तर कित्येकांना पाठ होते.

चाळीतल्या दोन बिऱ्हाडांना एकच घंटा दिली, तर जे होईल तेच येथे होई. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केल्यावर घरोघरी मोडेम येऊ लागले. माउस 'कॉम १' या पोर्टवर आणि मोडेम 'कॉम ३'वर बसवला की दोघांच्या वाट्याला इंटरप्ट ४ येई. मग फोन लागताच माउस गोठे, किंवा माउस हलवताच फोन तुटे. दोष ना माउसचा, ना मोडेमचा. तंत्रज्ञ येऊन मोडेम 'कॉम ४'वर हलवी, त्याचा इंटरप्ट ३ होई आणि भांडण मिटे. आज हे हास्यास्पद वाटेल; परंतु 'कॉन्फिगरेशन' या भारदस्त शब्दाचा खरा अर्थ हाच आहे: मर्यादित साधने, अनेक हक्कदार आणि वाटप करणारा कोणीतरी. तेव्हा वाटप माणूस करीत असे.

ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या 'विंडोज ९५'ने हे वाटप स्वतःकडे घेतले आणि त्याला 'प्लग अँड प्ले' असे नाव मिळाले. सुरुवातीला त्याची बरीच टिंगल झाली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोतील 'कॉमडेक्स' प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत 'विंडोज ९८'चे प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडला गेला आणि भर सभेत पडदा निळा पडला. तरीही दिशा बरोबर होती. यूएसबी जोडणी रूढ झाल्यावर जंपरची टोपी इतिहासजमा झाली.

यूएसबीची रीत पाहण्याजोगी आहे. पेनड्राइव्ह खोचताच एका तारेवरील विद्युतदाब बदलतो आणि कोणीतरी आल्याचे संगणकाला कळते. नवागताला प्रथम शून्य हा तात्पुरता पत्ता असतो. संगणक त्याला १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देतो आणि मग ओळख विचारतो. उपकरण आपल्या निर्मात्याचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक आणि आपला वर्ग सांगते. (मदरबोर्डावरील कार्डांच्या बाबतीतही अशीच नोंद असते. तेथे इंटेल कंपनीने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला आहे. आपल्या गाजलेल्या प्रोसेसरची आठवण जपण्याची ही खाशी तऱ्हा.) ऑपरेटिंग सिस्टीम हा क्रमांक आपल्या यादीत शोधते. नेमका ड्रायव्हर सापडला तर उत्तम. न सापडल्यास वर्ग पाहते. की-बोर्ड, माउस, साठवणुकीची साधने यांच्यासाठी जगाने समान नियम ठरवले आहेत, त्यामुळे एकच सर्वसाधारण ड्रायव्हर सर्वांना पुरतो. म्हणूनच 'विंडोज ९८'वर पेनड्राइव्हसाठी वेगळी सीडी शोधावी लागे आणि 'एक्सपी'वर ती लागेनाशी झाली. यादीत नाव नाही आणि वर्गही ओळखीचा नाही, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह बसते.

मराठी वाचकांनी याच यंत्रणेचा एक लाभ वर्षानुवर्षे घेतला आहे, बहुधा नकळत. की-बोर्डला अक्षरे कळतच नाहीत. जुन्या पद्धतीच्या की-बोर्डवर इंग्रजी 'के'ची कळ दाबली की संगणकाला मिळतो तो फक्त ३७ हा क्रमांक. त्याचे इंग्रजी अक्षर करायचे की इन्स्क्रिप्ट मांडणीनुसार 'क' करायचा, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. ही सोय प्रणालीत नव्हती, तेव्हा देवनागरीसाठी चक्क हार्डवेअर विकत घ्यावे लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवले की डॉसवरील प्रोग्रॅम पडद्यावर मराठी दाखवू लागत. आपण मराठीत चाललो आहोत याचा त्या प्रोग्रॅमना पत्ताही नसे. २००० साली 'विंडोज २०००'ने देवनागरीचा आधार प्रणालीतच आणला आणि त्या कार्डाचे काम संपले. उपकरण जाऊन त्याचे काम प्रणालीने गिळंकृत करण्याचे हे उदाहरण आपल्या भाषेपुरते तरी सुखद आहे.

दुभाषा हरवतो कसा

ड्रायव्हर हा साधा प्रोग्रॅम नाही. तो बहुधा प्रणालीच्या गाभ्यात, 'कर्नल'मध्ये, पूर्ण अधिकारांनिशी चालतो. एखादा लेखनाचा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमधला ड्रायव्हर बिघडला तर सगळा संगणक आडवा होतो. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरने एक सदोष माहिती-फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. भारतात काही विमान प्रवाशांच्या हाती त्या दिवशी पेनने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

या धोक्यामुळेच मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हरभोवतीचे नियम कडक करीत नेले. २००७ मध्ये बाजारात आलेल्या 'व्हिस्टा'च्या ६४ बिट आवृत्तीपासून कर्नलमधील ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली. ३२ बिटांसाठी लिहिलेला असा ड्रायव्हर ६४ बिट प्रणालीत चालतच नाही, आणि 'विंडोज ११' केवळ ६४ बिटांत आहे. म्हणजे जुन्या प्रिंटरसाठी कोणीतरी ड्रायव्हर नव्याने लिहून त्यावर स्वाक्षरी घ्यायला हवी. ते काम निर्मात्याचे. पण विकून झालेल्या, बाजारातून उठलेल्या यंत्रासाठी तो खर्च कशाला करील? त्याला नवा प्रिंटर विकायचा असतो. नियम सुरक्षेसाठी झाले हे खरे. त्यांचा भुर्दंड मात्र यंत्र जपून वापरणाऱ्याच्या माथी बसला, हेही तितकेच खरे.

सगळ्या प्रिंटरचे नशीब सारखे नसते, हे जुना प्रिंटर भंगारात देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. जे प्रिंटर 'पोस्टस्क्रिप्ट' किंवा 'पीसीएल' या प्रचलित भाषा स्वतः जाणतात, त्यांना सर्वसाधारण ड्रायव्हर देऊनही पुष्कळदा चालवता येते. याउलट स्वस्तात मिळालेले अनेक प्रिंटर पान रंगवण्याची सगळी बुद्धी संगणकाकडून उसनी घेतात. निर्मात्याचा खास ड्रायव्हर गेला की त्यांना पर्याय उरत नाही. खरेदीच्या वेळी वाचलेले पैसे दहा वर्षांनी असे वसूल होतात.

त्याहून बिकट प्रश्न 'डोंगल'चा. मराठी अक्षरजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरसोबत प्रिंटरच्या समांतर पोर्टला लावायचे बोटभर कुलूप मिळत असे. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. नव्या संगणकांना हे पोर्टच नसते. यूएसबीवरून समांतर पोर्ट देणारी केबल बाजारात मिळते आणि तिच्यावर प्रिंटर बहुधा चालतो. डोंगल मात्र चालत नाही. कारण प्रिंटरला ओळीने मजकूर मिळाला की पुरे, तर कुलूप तपासणारा ड्रायव्हर ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर थेट ठोठावतो आणि त्या केबलमागे तसे दारच नसते. दुकानातील कित्येक वर्षांची लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिकांची फाइल त्या सॉफ्टवेअरच्या खास फाँटमध्ये अडकलेली असेल, तर एका पोर्टाच्या अभावी ती सगळी कुलूपबंद होते.

लिनक्सच्या जगात व्यवहार वेगळा आहे, आणि त्या जगाच्या जन्मकथेतही प्रिंटरच आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम हाती न मिळाल्याने रिचर्ड स्टॉलमन संतापले. पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच, खुल्या स्वरूपात येतात. कर्नलच्या एकूण मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरनेच व्यापलेला आहे. आतली रचना बदलणाऱ्याने त्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हरही सुधारायचे, अशी तेथील शिस्त. त्यामुळे विंडोजने नाकारलेले स्कॅनर, प्रिंटर तेथे अनेकदा विनातक्रार चालतात. अर्थात सांभाळणारा कोणी उरला नाही तर तेथूनही जुनी उपकरणे वगळली जातात, आणि ज्यांच्या निर्मात्यांनी काहीच उघड केले नाही ती तेथेही मुकीच राहतात.

प्रिंटरपुरता तरी विंडोजचाही रोख आता सामायिक ड्रायव्हरकडे आहे. निर्मात्यांचे स्वतंत्र प्रिंटर-ड्रायव्हर 'विंडोज अपडेट'मधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. नव्या, नेटवर्कवर चालणाऱ्या प्रिंटरना त्याने फरक पडणार नाही. जुन्या प्रिंटरच्या मालकाने मात्र निर्मात्याच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर शिल्लक आहे तोवरच तो उतरवून पेनड्राइव्हवर जपून ठेवणे शहाणपणाचे. उपकरण अनोळखी ठरलेच, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स'खाली 'हार्डवेअर आयडीज' पाहावेत. तेथील निर्माता-क्रमांकावरून आतली चिप कोणाची हे कळते, आणि खोक्यावरील नावाने न सापडलेला ड्रायव्हर पुष्कळदा चिपच्या नावाने सापडतो. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देऊ करणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. कर्नलमध्ये शिरू पाहणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमला स्वहस्ते दार उघडण्यासारखे ते आहे.

डोंगलवाल्यांकडे मार्ग थोडेच. समांतर पोर्ट असलेला जुना संगणक 'एक्सपी'सह तसाच ठेवायचा, त्याची इंटरनेटची तार कायमची काढायची, तयार पाने पीडीएफमध्ये करायची आणि पेनड्राइव्हने नव्या संगणकावर आणायची. त्यासोबत जुन्या फाइली सवडीने युनिकोडमध्ये बदलून घ्यायच्या. बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून प्रत्येक पान मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जायला हवे. पावतीपुस्तकांचा हंगाम उरकल्यावर, दिवाळीच्या कामांपूर्वी मिळणाऱ्या थोड्या उसंतीतच हे काम हाती घेता येते.