भिलाईहून कळसूबाईला

भिलाईहून सह्याद्रीत जाऊन एखादे शिखर चढायचे आणि परतायचे, तर डोंगरापेक्षा प्रवासच मोठा ठरतो. बहुतेक मेल-एक्सप्रेस गाड्या दुर्गहून धरायच्या; तिथून कळसूबाईसाठी सोयीचे इगतपुरी सुमारे साडेनऊशे किलोमीटर. जायला पंधरा-सोळा तास, यायला तेवढेच. चार दिवसांच्या रजेतला सव्वा दिवस रुळांवरच सरतो. म्हणून अशा मोहिमेची आखणी शिखराच्या नावापासून नव्हे, परतीच्या गाडीपासून सुरू करावी. पोलाद कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यांना तर परतल्यावर कोणत्या पाळीला हजर व्हायचे, हे आधी पाहावे लागते. रात्रपाळी संपवून तडक स्टेशन गाठणे कसेबसे जमते. पण आखडलेल्या पायांनी आणि अर्धवट झोपेने स्टेशनवरून थेट भट्टीवर जाणे धोक्याचे आहे. परतल्यानंतरचा एक दिवस मोकळा ठेवायलाच हवा.

एवढ्या रजेत हिमालय बसत नाही. उत्तराखंडातले केदारकंठा हे नवख्यांचे आवडते शिखर ३८०० मीटरच्या आसपास आहे. दिल्ली, डेहराडून, मग सांक्री गावापर्यंतचा घाटरस्ता यांतच दोन-अडीच दिवस जातात. त्यातही साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेची सवय होण्यासाठी शरीराला सवड द्यावी लागते, आणि घाई केली की डोकेदुखी, मळमळ सुरू होते. भिलाईची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. तिथून निघून थेट बर्फात चढण्यापेक्षा आठवड्याहून मोठी रजा मिळेपर्यंत हिमालय राखून ठेवणे शहाणपणाचे. सह्याद्रीत उंचीचा हा त्रास नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे आणि पायथ्याचे बारी गाव इगतपुरीहून घोटीमार्गे रस्त्याने गाठता येते.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. दिवाळी किंवा नाताळची सुट्टी साधायची असेल, तर त्याच दिवशी तिकिटे काढावीत, आणि जाण्याआधी येण्याची. दुर्गहून मुंबईकडे गीतांजली, हावडा–मुंबई मेल अशा गाड्या जातात. आपली गाडी इगतपुरीला थांबते का, की नाशिक रोडलाच उतरावे लागेल, हे वेळापत्रकात पाहून घ्यावे. अपरात्री पोहोचत असेल, तर बारीपर्यंतचे वाहन आधी ठरवून ठेवावे. नागपूरपासूनचा समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढेपर्यंत खुला झाल्यापासून मोटारीने जाणेही सोपे झाले आहे. मात्र एकच चालक दिवसभर गाडी हाकणार आणि दुसऱ्या पहाटे तोच डोंगर चढणार, असा बेत करू नये. चालवणारे दोघे असावेत आणि मध्ये मुक्काम घ्यावा.

हंगाम ठरवताना भिलाईचा अनुभव कामी येत नाही. दुर्ग-भिलाईतही पाऊस चांगला पडतो, पण कळसूबाईच्या परिसरातल्या भंडारदरा-घाटघरचा पाऊस त्याच्या कित्येक पट असतो. जुलै-ऑगस्टमध्ये कातळ निसरडा होतो, धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि ओढे तासाभरात फुगतात. हिरवाई मोहात पाडणारी असली, तरी लांबून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. नवरात्रात कळसूबाईची यात्रा भरते; तेव्हा वाटेतल्या शिड्यांवर रांग लागते.

चढ सुमारे आठशे मीटरचा, वाट सहा-साडेसहा किलोमीटरची. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब मांडला होता: पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे कळसूबाईला अडीच तासांहून थोडे अधिक लागतात. विश्रांती, फोटो आणि सोबतची मुले धरून चार तास धरावेत. उतरायला तीन. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. उंचीची भीती असणाऱ्याने तिथे कुणाला तरी मागे ठेवून चढावे. पहाटे निघून दुपारपर्यंत खाली आले, तर ऊन आणि अंधार दोन्ही टळतात. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे माथा बारीपेक्षा पाच अंशांनी गार, वर वारा. घामाने भिजलेल्या अंगावर तो फार बोचतो, त्यामुळे वाराप्रतिबंधक जाकीट डिसेंबरातच नव्हे, ऑक्टोबरातही पिशवीत असावे. प्रत्येकी तीन लिटर पाणी लागतेच.

सराव मात्र घरूनच करून निघायला हवा. भिलाई सपाट आहे, मैत्री बागेत कितीही फेऱ्या मारल्या तरी चढाचा सराव होत नाही. दुर्गहून नागपूरच्या वाटेवर साठेक किलोमीटरवर डोंगरगड लागते. तिथे बमलेश्वरीच्या डोंगराला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. महिनाभर आधीपासून दर रविवारी पाठीवर पाच-सहा किलोंची पिशवी घेऊन त्या चढाव्यात आणि रोपवे न घेता पायीच उतरावे, कारण उतारावरच गुडघे आणि मांड्या बोलू लागतात. हीच बुटांची परीक्षा. कारखान्यातले सेफ्टी शूज कितीही दणकट वाटले, तरी उतारावर त्यांच्या पोलादी टोपीवर बोटे आपटून नखे काळी पडतात. नवे बूट घेतले, तर ते आधी वापरून रुळवावेत.

बारीत घरगुती मुक्काम आणि पिठलं-भाकरी मिळते. आदल्या दिवशी पोहोचून गावातच राहणे सर्वांत चांगले. हा सगळा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वणवा लागेल असे काही करू नये आणि कचरा परत आणावा. इतक्या लांब आलोच आहोत तर रतनगड आणि हरिश्चंद्रगडही उरकू, हा हव्यास मात्र सोडावा. तिसरा दिवस राखीव असावा: पाऊस लागला, कुणाचा पाय मुरगळला, तर तो कामी येतो. सगळे नीट पार पडले, तर त्या दिवशी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि भंडारदऱ्याचे धरण आरामात पाहून होते.

निघताना वेळापत्रकाची एक प्रत घरी द्यावी, त्यात गावचा मुक्काम आणि खाली उतरण्याची वेळ लिहावी. डोंगरात फोनला सगळीकडे रेंज नसते. अडचण आली तर ११२ क्रमांक आहे, आणि राज्यभरातल्या गिर्यारोहकांची स्वयंसेवी बचाव यंत्रणाही आहे. पण सर्वांत आधी पोहोचतात ती बारीचीच माणसे. त्यामुळे मुक्काम केलेल्या घरातला फोन क्रमांक गटातल्या प्रत्येकाजवळ कागदावर लिहिलेला असावा.