क्रेडिट कार्डाचे कर्ज : सुटकेचे मार्ग कोणते?

क्रेडिट कार्डाचे कर्ज घरात बहुधा एकालाच ठाऊक असते. घरासाठी कर्ज काढताना पती-पत्नी दोघे बँकेत जातात, सह्या करतात, शेजारीपाजारीही चौकशी करतात. कार्डाला ना जामीनदार लागतो, ना तारण. त्यामुळे ते वाढत असताना कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि पडते तेव्हा वसुलीचा माणूस दाराशी उभा असतो. या कर्जातून बाहेर पडण्याचे जे मार्ग आज आपल्या देशात प्रत्यक्ष उपलब्ध आहेत, त्यांची माहिती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

प्रथम हे कर्ज वाढते कसे ते पाहू. दरमहाच्या बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम भरली की विलंबशुल्क टळते व खाते थकीत ठरत नाही. याखेरीज तिचा काही उपयोग नाही. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते. शिवाय बाकी शिल्लक असेतोवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज लागते.

आता हिशेब करू. समजा बाकी ५०,००० रुपये आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये. महिन्याचे व्याज झाले १,७५० रुपये; त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. भरलेल्या २,५०० रुपयांतून मुद्दल फिटले अवघे ४३५ रुपये! कार्ड पुन्हा न वापरता दरमहा २,५०० रुपये नेमाने भरले, तरी हे कर्ज फिटावयास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल आणि एकूण लाखाहून जास्त रक्कम जाईल. तेच ५०,००० रुपये १४ टक्के दराने दोन वर्षांच्या वैयक्तिक कर्जात वळविले, तर हप्ता सुमारे २,४०० रुपये बसतो आणि चोविसाव्या हप्त्याला कर्ज संपते.

सारे मर्म या तुलनेत आहे. ज्याचा पगार चालू आहे, हप्ते थकलेले नाहीत, त्याने हे कर्ज कार्डावरून लवकरात लवकर हलवावे. त्यासाठी आपली सहकारी बँक, पतसंस्था, नोकरीच्या ठिकाणची पतपेढी येथे विचारावे. सोन्यावरील कर्जही कार्डापेक्षा बरेच स्वस्त पडते, मात्र हप्ते चुकले तर दागिन्याचा लिलाव होतो. कार्डाची बँक स्वतःही बाकीचे हप्ते पाडून देते. तेथे व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क किती, हे आधी विचारून घ्यावे. एका कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर नेण्याची सवलत काही महिन्यांपुरतीच असते. मुदत संपली की दर पूर्वपदावर येतो, आणि हाती दोन कार्डे राहतात. हा मार्ग आम्हांस फारसा भरवशाचा वाटत नाही. कर्ज हलविल्यावर जुने कार्ड वापरत राहिल्यास एकाची दोन कर्जे होतात, हे तर उघडच आहे.

न्यायालय व्याज कमी करील, या आशेवर थांबू नये. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला.

नोकरी गेली, आजारपण आले, हप्ता देणेच अशक्य झाले, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी फोन बंद करून बसणे सर्वांत वाईट. बँकेला आपली स्थिती लेखी कळवावी, पुरावे जोडावेत व हप्ते लांबवून मागावेत. कार्ड आणि पगाराचे खाते एकाच बँकेत असल्यास ती थकबाकी त्या खात्यातून वळती करून घेऊ शकते. करारात तशी तरतूद बहुधा असते.

थकबाकी जुनी झाली की बँक स्वतःच तडजोडीची भाषा करते : अमुक रक्कम एकदम भरा, बाकीची सोडून देऊ. यात खरी सवलत मिळू शकते, परंतु तिची किंमत असते. पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो व पुढील काही वर्षे कर्ज मिळणे कठीण होते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक निदान बारा महिने नवे कर्ज देत नाही. तडजोडीचे पत्र बँकेच्या नावाने हाती आल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये, आणि पैसे कार्डाच्या खात्यातच भरावेत. वसुली करणाऱ्याच्या खासगी खात्यात कधीच नव्हे. हीच तडजोड लोकअदालतीतही होते. तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि दिलेला निवाडा अंतिम असतो.

दिवाळखोरीचा मार्ग कायद्यात आहे. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा कायदा लागू आहे. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग मात्र केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच अमलात आला आहे. सामान्य कार्डधारकास हा मार्ग संथ व खर्चिक ठरतो.

केवळ बिल थकले म्हणून अटक होत नाही. हा दिवाणी व्यवहार आहे. मात्र दिलेला धनादेश न वटणे किंवा खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता परत जाणे, हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून घाबरून पुढील तारखांचे धनादेश लिहून देऊ नयेत. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांसमोर अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. तसे घडल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे तक्रार विनामूल्य आहे. ‘हप्ते बंद करा, आम्ही कर्ज मिटवितो’ असे म्हणून आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. बँकेशी जे बोलणे ते करणार, ते आपणही करू शकतो.

कर्ज फिटल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. सर्व बाकी भरलेली असताना सात कामकाजी दिवसांत बँकेने ते बंद केले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसास ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात. ‘येणे बाकी नाही’ असा दाखला मागून घ्यावा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य देतात. दोनएक महिन्यांनी तो मागवून आपली नोंद सुधारली आहे का ते पाहावे. सुधारली नसल्यास तक्रार द्यावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे.