काठावरचा बार

शहापूर-मुरबाडच्या मुलखात बंदूक म्हटली की डोळ्यांपुढे उभी राहते ती ठासणीची, रानडुकरांपासून भाताची राखण करणारी; आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक निराळी व मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट बावीसची रायफल निराळी, असा भेद केलेला आहे. या दुसरीचे काडतूस फ्रान्समधील फ्लोबेर याच्या १८४५ च्या सुमाराच्या कल्पनेतून निघाले आणि आजचे ‘लाँग रायफल’ हे त्याचे रूप १८८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले, एवढा इतिहास पुरे.

मुरबाडनजीकच्या एका खेड्यात राहणारे माझे एक स्नेही, सेवानिवृत्त शिक्षक आणि जुने नेमबाज, यांच्यापाशी या जातीची एक अर्धस्वयंचलित रायफल आहे. गेल्या भाद्रपदात त्यांचा निरोप आला, “पाऊस लागला की ही रुसते. दहा बारांत तीनदा अडते. कारागीर म्हणतो, स्प्रिंग बदला. तुम्ही एकदा पाहून जा.” तीस वर्षांच्या नादामुळे मला दुसऱ्या आमंत्रणाची गरज नव्हती.

या काडतुसाचे सारे मर्म त्याच्या काठात आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी स्वतंत्र टोपी असते; येथे मात्र स्फोटक द्रव्य ओले असतानाच पुंगळी गरगर फिरवून पोकळ काठाच्या घडीत पसरवतात, आणि पिनेचा आघात त्याच काठावर होतो. बार उडाल्यावर रिकामी पुंगळी बाहेर ओढणारी एक्स्ट्रॅक्टरची आकडीही पकडते तो हाच काठ! ज्याने पेट घ्यायचा त्यानेच ओढूनही घ्यायचे, असा दुहेरी भार या पातळ पितळेवर असल्यामुळे मला हे काडतूस सर्व काडतुसांत अधिक मनोवेधक वाटते. शिवाय अशा अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्टला कुलूप नसते. केवळ बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांना मागे रेटून पुंगळीने बाहेर पडायचे असते, म्हणून नेमबाजीची मंदगती काडतुसे कित्येक रायफलींत बोल्ट पुरता मागे ढकलीतच नाहीत.

अडलेली पुंगळी ही वाचावयाची असते. ती चेंबरमध्येच राहिली तर संशय चेंबरच्या मळावर व आकडीवर; बाहेर पडता पडता खिडकीत उभी चिमटली तर बोल्टच्या अपुऱ्या धावेवर किंवा इजेक्टरवर; आणि नवे काडतूस नाक आपटून तिरपे झाले तर मॅगझिनच्या ओठांवर. मॅगझिन भरतानाही वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठापुढे बसला पाहिजे, नाहीतर दोन काठ एकमेकांत अडकतात.

गुरुजींच्या पुंगळ्या चेंबरमध्येच राहत होत्या. नळी सुरक्षित दिशेस धरून, मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून बोल्ट उतरवला, तेव्हा दोषाचे स्थान उघडच झाले. या काडतुसाच्या शिशाच्या गोळीला बाहेरूनच मेणाचा लेप असतो. ते मेण, दारूची काजळी आणि गंजाच्या धास्तीने गुरुजींनी पावसाळाभर सढळ हाताने घातलेले तेल यांची पेंड आकडीखाली घट्ट बसली होती. ती काडीने खरवडली, चेंबर पितळी ब्रशने घासले, चिंधीने कोरडे केले आणि तेलाचा निव्वळ हात फिरवला. चेंबरच्या कडेला पिनेचा घाव नव्हता, कारण रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याची सवय गुरुजींना कधीच नव्हती. स्प्रिंगही शाबूत होती. कानस घेऊन आकडीला हात घालणाऱ्या कारागिराविषयी माझे मत कठोर आहे: घासलेले पोलाद परत येत नाही.

परतताना सिद्धगड दिसला. २ जानेवारी १९४३ रोजी त्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या तुकडीचे नाव आझाद दस्ता. बंदुकीच्या लाकडी भागालाही आपण दस्ताच म्हणतो. त्या दिवशी हा शब्द माझ्या मनातून जाईना.

पुढल्या महिन्यात क्लबाच्या रेंजवर गुरुजींनी पन्नास काडतुसे चालविली. रायफल एकदाही अडली नाही. एक काडतूस तेवढे काठावर पिनेचा स्वच्छ ठसा उमटूनही उडाले नाही. नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबलो आणि मग ते बाजूस काढले. आपला मुलूख पावसाचा आहे. ज्यांच्या कपाटात परवान्याची अशी रायफल असेल, त्यांनी नव्या स्प्रिंगचे पैसे मोजण्यापूर्वी आकडीखालची काजळी एकदा खरवडून पाहावी.