शक्तिपीठ महामार्ग : सभागृहात प्रश्न विचारला की काय होतं, आणि त्यात आपला प्रश्न कुठे आहे?

विरोधी पक्षाचा आमदार उठतो, प्रश्न विचारतो, मंत्री उत्तर देतात, गोंधळ होतो, कामकाज तहकूब. मोबाईलवर तीस सेकंदांची क्लिप फिरते आणि आपले तरुण विचारतात, "यानं काय होतंय?" नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांकडून आम्ही हे नेहमी ऐकतो. शक्तिपीठ महामार्ग दोन्ही जिल्ह्यांतून आखलेला आहे, म्हणून त्याच्यावरूनच हे समजून घेऊ.

वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा, १२ जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता. काम रस्ते विकास महामंडळाचं, अंदाजे खर्च ८६ हजार कोटींच्या घरात. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही देवस्थानं जोडली जातील, नागपूर ते गोवा प्रवास १८ तासांवरून ८ तासांवर येईल आणि मागास मराठवाड्याला उद्योग मिळतील, असं सरकार सांगतं. विरोधकांचं म्हणणं असं की नागपूर-रत्नागिरी महामार्ग नांदेड आणि लातूरवरून जातोच, मग त्याच दिशेनं दुसरा कशाला? अर्धापूर भागात केळी पिकवणारी पाण्याखालची जमीन आहे, तिथले शेतकरी मोजणीला विरोध करत आले. १ जुलै २०२५ ला अनेक जिल्ह्यांत रास्ता रोको झाला. आखणीत फेरबदलाच्या घोषणाही झाल्या, पण मूळ प्रश्न त्यानं मिटत नाहीत.

आता पैशाकडे बघा. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने या प्रकल्पासाठी २०,७८७ कोटी रुपयांना मंजुरी दिली. त्यातले १२ हजार कोटी भूसंपादनाचे आणि ८,७८७ कोटी त्यासाठी काढायच्या कर्जाच्या संभाव्य व्याजाचे. रस्त्याचा एक दगड पडण्याआधीची ही रक्कम आहे. हे कर्ज हुडकोकडून ८.८५ टक्के दराने घेण्यावर राज्याच्या अर्थ विभागानेच हरकत घेतल्याचं नंतर बातम्यांतून पुढे आलं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाईल असा अंदाज आहे आणि महसुली तूट ४५,८९१ कोटींची आहे. म्हणजे विरोधक जो प्रश्न विचारत होते, तोच सरकारी फाईलमध्ये सरकारी अधिकारी लिहीत होते. विरोधकाचं काम इथेच असतं, फाईलमधलं म्हणणं सभागृहाच्या नोंदीत आणणं.

याच्या महिनाभर आधीची गोष्टही आठवावी. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळू नयेत असं कुणीच म्हणत नाही. पण शिष्यवृत्ती आणि वसतिगृहांच्या विभागातून ४१० कोटी उचलावे लागतात, आणि रस्त्याच्या नुसत्या व्याजासाठी त्याच्या एकवीस पट तरतूद निघते, हे एकाच सरकारचं एकाच उन्हाळ्यातलं गणित आहे. अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडे वळवू नये म्हणून कर्नाटक आणि तेलंगणने कायदे केले. महाराष्ट्रात ती मागणी जुनीच आहे.

पर्यावरणाचा मुद्दा शहरात बसून झाडांपुरता वाटतो. आपल्याकडे तो आधी पाण्याचा आहे. काळ्या रानात उंच भराव घातला की पाण्याची नैसर्गिक वाट अडते, मोऱ्या कमी पडल्या तर वरचं शेत तुंबतं आणि खालचं कोरडं राहतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ आणि आसपासच्या गावांत पाणी शिरून माणसं गेली. पुरात सखल भागातली वस्ती आधी बुडते, आणि सखल भागात कुणाची वस्ती असते हे वाचकांना वेगळं सांगायला नको. उलटं टोकही आपण पाहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.

मग विचारायचं कुणी? २०२४ च्या विधानसभेत नांदेड जिल्ह्यातल्या नऊही जागा महायुतीकडे गेल्या. त्यामुळे अर्धापूरच्या जमिनीचा प्रश्न कोल्हापूरचे काँग्रेस आमदार सतेज पाटील विधान परिषदेत लावून धरतात. लोकसभेचं चित्र वेगळं आहे. राखीव लातूरमधून डॉ. शिवाजी काळगे आणि नांदेडच्या पोटनिवडणुकीत अवघ्या १,४५७ मतांनी रवींद्र चव्हाण, दोघेही काँग्रेसचे. पण हा राज्याचा प्रकल्प आहे. राज्याच्या अखत्यारीतला प्रश्न लोकसभेत नियमानेच नाकारला जातो. तिथे पर्यावरण मंजुरी, वनजमीन आणि केंद्राच्या हुडकोचं कर्ज यांवर विचारता येतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न घेतात, त्यांवर उपप्रश्न करता येतो. २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. नोटीस किमान १५ दिवस आधी लागते. म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन नेणारे कार्यकर्ते बहुतेकदा उशिरा पोचलेले असतात.

या कामाची परंपरा आपली आहे. बाबासाहेबांनी १९२७ पासून मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पाची चिरफाड केली. १९५१ ला मंत्रिपद सोडल्यावर १९५२ मध्ये राज्यसभेत विरोधी बाकावरून त्यांनी लष्करी खर्चावर बोट ठेवलं. १९५७ ला नांदेडच्या द्विसदस्य मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले लोकसभेत गेले होते, हे आज नांदेडच्या किती तरुणांना माहीत आहे?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. शक्तिपीठची चर्चा बागायतदाराच्या मोबदल्याभोवती फिरते, आणि त्याचा लढा रास्तच आहे. पण मोबदला सातबारा बघून मिळतो. मराठवाड्यातले आपले बहुसंख्य लोक भूमिहीन, आणि ज्यांच्याकडे जमीन आहे त्यातले कितीतरी गायरान कसणारे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून चाललेल्या या लढ्यातून २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० दरम्यानची अतिक्रमणं नियमित करण्याचा तो निर्णय. अनेकांची नावं आजही सातबाऱ्यावर लागलेली नाहीत. रस्ता अशा गायरानातून गेला तर कागदावर ती सरकारची जमीन, कसणारा फक्त अतिक्रमणधारक.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने इथे एक दार उघडलं होतं. संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर राबणारा आणि तिच्यावरच पोट असलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी यांनाही त्या कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हटलं आहे, आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला आहे. शक्तिपीठचं संपादन मात्र महाराष्ट्र महामार्ग कायदा, १९५५ खाली होतं. २०१८ च्या राज्य दुरुस्तीमुळे या वाटेने गेलं की मोबदल्याची तरतूद लागू राहते, अभ्यास टळतो. अभ्यास टळला की मजुराची मोजणीच होत नाही.

विधानमंडळात "शक्तिपीठमुळे गरिबांचं नुकसान होणार, हे खरे आहे काय?" असं विचारलं की छापील उत्तर येतं, "हे खरे नाही." पुढच्या उपप्रश्नांना "प्रश्न उद्भवत नाही." काम संपलं. त्याऐवजी असं विचारा. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील आखणीत गायरानाचे कोणते गट येतात? त्यांवर १९९१ च्या निर्णयाखाली किती दावे दाखल आहेत, किती प्रलंबित आहेत? प्रलंबित दावेदाराला मोबदला देण्याचा निर्णय झाला आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? गट नंबर आणि आकडा मागितला की "नाही" म्हणून सुटता येत नाही. आणि मंत्र्याने "तपासून घेऊ" म्हटलं तर ते आश्वासन ठरतं, त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे.

त्यासाठी आमदाराच्या हातात कागद द्यावा लागतो. गावनिहाय गट नंबर, कसणाऱ्यांची यादी, पीकपेऱ्याच्या नोंदी, दंडाच्या जुन्या पावत्या, १९९० आधीचा कोणताही पुरावा. तलाठ्याकडून उतारे आत्ताच काढा, मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणजे हिवाळी अधिवेशनासाठी अर्ज दिवाळीच्या बराच आधी गेला पाहिजे. प्रती दोन करा. एक विरोधी आमदाराला, दुसरी आपल्या मतदारसंघातल्या सत्ताधारी आमदाराला. दोघांकडूनही पोच घ्या.