बांधावरची मुळी आणि मण्यारीचा दंश

कागलच्या बाजूला दूधगंगेच्या काठानं उसाच्या शिवारात गेलात, तर बांधावर अडुळसा दिसतो. पाला कडू, शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. म्हणून कुंपणाला बरा. पोराला खोकला झाला की आजी त्याचीच पानं वाफवून रस काढते आणि मधातून चाटवते. यात भाबडेपणा काही नाही. या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच अभ्यासातून कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे डॉक्टरी औषध निघालं. मात्र गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, कारण त्याच द्रव्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

बिब्ब्याचं काम निराळं. टाचेच्या भेगेत त्याचं तेल भरतात. पण एखाद्याला तो उतला की अंगभर फोड येतात. वैद्यसुद्धा तो शुद्ध केल्यावाचून पोटात देत नाहीत.

आता साप उतरवणाऱ्या मुळीकडं वळू. ती एवढी नावाजली कशी? तर धामण, दिवड हे बिनविषारी. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस मुळीवाचूनही जगला असता. पण नाव मुळीचं होतं. काविळीच्या औषधाचंही पुष्कळदा असंच घडतं, कारण दूषित पाण्यानं होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपसूक ओसरते.

खरी गाठ पडते ती मण्यारीशी. ती रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. खूण दिसेल न दिसेल, सूज नाही, दुखणंही थोडंच. घरचे कडुलिंबाचा पाला चघळायला देतात. कडू लागला, म्हणजे विष चढलं नाही म्हणे! तोवर पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग श्वास अडतो. वाया गेलेले ते दोन तास कुठल्याही पाल्यानं परत येत नाहीत.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे.

गुरुजी, वर्गात एवढं करून दाखवा: चावलेला हात हलू नये म्हणून फळकुटाला सैल बांधायचा. करकचून आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. साप मारून न्यायचीही गरज नाही. माणसाला चालू न देता, मिळेल त्या गाडीतून कागलच्या नाहीतर कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात पोचवायचं. आणि वाटेत देवळापाशी गाडी थांबवायची नाही. नवस नंतर फेडता येतो.