रोगाला नांव मिळेपर्यंत



ठाण्याच्या पूर्वेस, लोहमार्गाच्या पलीकडे, कोपरी ही वस्ती आहे. तेथील एका मध्यमवर्गीय घराचें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें आणा. घरांतील कर्त्या पुरुषाच्या पायांना गेले दोन महिने मुंग्या येत आहेत. चप्पल पायांतून निसटते, पण निसटल्याचें कळत नाहीं. तोंड धुण्यासाठीं डोळे मिटले कीं तोल जातो. सकाळीं फलाटाच्या कडेशीं उभें राहण्याची भीति वाटूं लागली आहे. शेजारचे अण्णा म्हणतात, "वात आहे, तेल चोळा." कोणी म्हणतें, कचेरींतील दगदग बाधली. रक्त तपासून होतें, पाठीचें क्ष-किरण चित्र निघतें. सर्व कांहीं ठीक! आणि मग एके दिवशीं हळूच एक वाक्य घरांत शिरतें: "याला झालेलें कांहीं नाहीं, मनाचे खेळ आहेत सारे."

हे गृहस्थ काल्पनिक आहेत. परंतु त्यांची स्थिति काल्पनिक नाहीं. ठाण्यांत १९०१ सालीं मनोरुग्णांसाठीं मोठें रुग्णालय निघालें. त्यावरून 'आतां याला ठाण्याला पाठवावें लागणार' ही थट्टा मराठी घरांत रूढ झाली. ऐकणाऱ्यास हंसूं येतें. पण ज्याचे हात थरथरतात आणि ज्याच्या दुखण्याला अद्याप नांव नाहीं, त्याच्या काळजांत ती कांट्यासारखी रुतते. म्हणून मज्जासंस्थेच्या रोगांचें निदान इतकें अवघड कां, आणि तें होईपर्यंत घरच्यांनीं काय करावें, याचा आज विचार करूं.

पहिली अडचण अशी कीं, या रोगांत लक्षण दिसतें एका ठिकाणीं आणि बिघाड असतो दुसऱ्याच ठिकाणीं. पाय लुळा पडला तर दोष मेंदूंत असेल, पृष्ठरज्जूंत असेल, कण्यांतून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांत असेल, किंवा खुद्द स्नायूंत असेल. म्हणून वैद्याचा पहिला प्रश्न असतो: बिघाड कोठें? त्यासाठीं तो गुडघ्यावर लहानशी हातोडी मारतो, घोट्यावर कंप पावणारा चिमटा टेंकवितो, तळपायावर किल्लीसारख्या वस्तूनें रेघ ओढतो. ही रेघ ओढतांच प्रौढ माणसाच्या पायाचा अंगठा वर उचलला गेला, तर मेंदूपासून पृष्ठरज्जूपर्यंतच्या मार्गांत कोठें तरी इजा झाली आहे असें समजावें, हें फ्रेंच वैद्य बाबिन्स्की यांनीं १८९६ सालीं दाखवून दिलें. आज मेंदूचीं सूक्ष्म चित्रें काढणारीं यंत्रें आलीं आहेत, तरी ही साधी खूण टिकून आहे. कारण यंत्रानें कोणत्या भागाचें चित्र काढावयाचें हें आधीं ठरवावें लागतें. कमरेचें चित्र निर्दोष आलें आणि गांठ मानेंत निघाली, असें होऊं शकतें.

दुसरा प्रश्न: बिघाड कशामुळें? याचें उत्तर बहुधा काळ देतो. क्षणार्धांत आलेली दुर्बलता रक्तवाहिनीकडे बोट दाखविते. कांहीं दिवसांत पायांकडून वर चढत जाणारी दुर्बलता मज्जातंतूंच्या दाहाची असूं शकते. 'गियाँ-बारे' हें नांव पुण्यांत जानेवारी २०२५ मध्यें साथ उद्भवली तेव्हां घरोघरीं पोंचलें. महिनोगणती वाढणाऱ्या लक्षणांमागें जीवनसत्त्वाची उणीव किंवा गांठ असूं शकते; वर्षानुवर्षें रेंगाळणाऱ्या लक्षणांमागें आनुवंशिक झीज. म्हणून रोग्यानें सांगितलेली हकीकत हीच निम्मी तपासणी होय.

याचें एक नामांकित उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. डॉ. नोशीर वाडिया यांनीं १९५७ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय येथें मज्जासंस्थेच्या रोगांचा विभाग सुरू केला. १९७१ सालीं मुंबईंत डोळे येण्याची मोठी साथ आली. घाना देशांत १९६९ सालीं, मनुष्य चंद्रावर उतरला त्या सुमारास, ती प्रथम दिसली. म्हणून तिकडे तिला 'अपोलो' म्हणत, आणि बंगालमध्यें तिला 'जय बांगला' असें नांव पडलें. डोळे लाल होत, थोड्या दिवसांत बरे होत, आणि लोक तें विसरून जात. परंतु मागाहून कांहीं रोगी निराळीच तक्रार घेऊन आले: कंबर व मांड्यांत तीव्र कळा, आणि पाठोपाठ पाय लुळे. पोलिओ म्हणावा, तर रोगी बहुतेक प्रौढ. वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं मागची हकीकत जुळविली. या साऱ्यांचे कांहीं आठवड्यांपूर्वीं डोळे आले होते! हा संबंध त्यांनीं १९७२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. त्या साथीचा विषाणु पोलिओच्याच कुळांतील निघाला. ज्याला डोळ्यांचें किरकोळ दुखणें म्हणून रोगी सांगावयासही विसरला असता, त्यांतच साऱ्या कोड्याची किल्ली होती.

त्याच १९७१ सालीं वाडिया व स्वामी यांनीं नऊ कुटुंबांतील एक आनुवंशिक विकार वर्णन केला. त्यांत चालण्याचा तोल जातो आणि डोळ्यांची एका वस्तूकडून दुसरीकडे वळण्याची गति विलक्षण मंद होते. यामागील जनुकदोष १९९६ सालीं सांपडला. तो मुळापासून बरा करणारें औषध आजही नाहीं. मग नांवाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग असा कीं, शोधाची वणवण थांबते, निष्फळ उपचारांवरील पैसा वांचतो, आणि 'हा दारू पिऊन झोकांड्या खातो' हा कलंक त्या घरावरून पुसला जातो.

आतां आपल्या कोपरीच्या गृहस्थांकडे वळूं. ते शाकाहारी आहेत, दूधदुभतें बेताचें, आणि मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन कित्येक वर्षें चालू. डोळे मिटतांच तोल जाणें, याचा अर्थ पायांची स्थिति मेंदूला कळविणारा मार्ग मंदावला आहे. हें चित्र ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणीवेचें असूं शकतें. ही उणीव असतांनाही रक्तांतील तांबडेपणा ठीक असूं शकतो. म्हणून नेहमीच्या तपासणींत ती निसटते. वेळेवर ओळखली तर साधीं इंजेक्शनें पुष्कळ काम करतात. फार उशीर झाला तर पृष्ठरज्जूची इजा कायमची राहूं शकते. 'मनाचे खेळ' या दोन शब्दांची किंमत एवढी मोठी होऊं शकते.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कांहीं रोग्यांत मेंदूची रचना शाबूत असून तिचें कार्य मात्र विस्कळित होतें. हात चालत नाहीं, झटके येतात. पूर्वीं याला हिस्टेरिया म्हणत. हें ढोंग नव्हे. त्यालाही स्वतःच्या खुणा आहेत. १९०८ सालीं हूव्हर यांनीं सांगितलेली खूण अशी कीं, लुळ्या पायाची टांच खालीं दाबा म्हटलें तर दबत नाहीं; पण दुसरा पाय उचलावयास सांगितला कीं तीच टांच आपोआप जोरानें दाबली जाते. 'तपासण्या निर्दोष, म्हणून दुखणें मनाचें' हा तर्क येथेंही चुकीचा. निदान खुणेवरून व्हावें, आणि त्यावर व्यायामोपचार व मानसोपचार दोन्ही लाभतात.

तेव्हां घरच्यांनीं काय करावें? एक वही घालावी. लक्षण केव्हां सुरू झालें, कशानें वाढतें, आधीं ताप, जुलाब, लस, नवें औषध यांपैकीं काय झालें होतें, हें तारीखवार लिहावें. झटका येत असेल तर मोबाइलवर त्याचें चित्रण करावें. वैद्यापुढें तो झटका क्वचितच येतो. सर्व औषधें व जुनीं चित्रें बरोबर न्यावींत. निघतांना विचारावें: आपल्याला काय शंका आहे, काय वगळलें गेलें, आणि पुन्हां केव्हां यावें? दर महिन्यास वैद्य बदलूं नये. कित्येक रोग दुसऱ्या-तिसऱ्या भेटींतच आपलें रूप उघड करतात.

मात्र कांहीं लक्षणांत वही काढीत बसूं नये. एकाएकीं तोंड वांकडें होणें, बोबडी वळणें, एका बाजूचा हात किंवा पाय गळणें, असें झालें तर थेट रुग्णालय गांठावें. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. पायांकडून वर चढणारी दुर्बलता आणि धाप, बैठकीच्या जागेची बधिरता आणि लघवी अडणें, किंवा पहिलीच फेफऱ्याची आंच, हींही त्याच दिवशीं दाखवावयाचीं लक्षणें होत.

मराठींत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोगाचें मूळ ओळखणें. दुसरा, कमींत कमी. पहिलें निदान वैद्याच्या हातीं आहे, आणि त्याला कधीं महिने लागतात. तोंवर दुसरें आपल्या हातीं आहे. आजारी माणसावर निदान आपण विश्वास ठेवूं या.